टी कितीचा, आणि एन नेमका किती?

लहान नमुन्यावरून सरासरीचं विश्वास अंतराल, म्हणजे आपण रोज म्हणतो ते कॉन्फिडन्स इंटरव्हल, कसं काढायचं याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नातली आठ रीडिंग्ज पुढच्या बऱ्याच उत्तरांत पुन्हा येतात, तेव्हा ती हाताशी ठेवा. 'एन' म्हणजे नमुन्यातल्या निरीक्षणांची संख्या, 'एस' म्हणजे नमुन्याचं प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन). 'टी' म्हणजे एनप्रमाणे बदलणारा, तक्त्यातून घ्यायचा गुणक, आणि 'झेड' म्हणजे ९५ टक्क्यांसाठी १.९६ हा ठरलेला गुणक.

प्रश्न : एकाच द्रावणाची तीव्रता आठ वेळा मोजली. मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये रीडिंग्ज अशी : ४९.२, ५१.०, ५०.३, ४८.७, ५०.९, ४९.८, ५०.६, ४९.५. सरासरीचं ९५ टक्के अंतराल हवं आहे. १.९६ ने गुणायचं की टीचा तक्ता उघडायचा? पायऱ्या कागदावर मांडून दाखवल्यात तर बरं होईल.

उत्तर : तक्ता उघडा. समष्टीचं (ज्यातून नमुना घेतला त्या सगळ्या समूहाचं) प्रमाण विचलन, म्हणजे सिग्मा, आधीपासून पक्कं माहीत असेल तरच १.९६ चालतो. तुमच्याकडे सिग्मा नाही, आठ रीडिंग्जवरून बांधलेला त्याचा अंदाज आहे. तो किती डळमळीत आहे तेही पाहून घ्या : याच आठ आकड्यांवरून काय-स्क्वेअर वितरणाने सिग्माचं ९५ टक्के अंतराल काढलं तर ०.५५ ते १.७० येतं. वरचं टोक खालच्याच्या तिप्पट! एवढी अनिश्चितता हिशेबात धरायची तर गुणक मोठा घ्यावा लागतो, आणि तो किती मोठा घ्यायचा ते टी सांगतो.

आता पायऱ्या. बेरीज ४००.०, सरासरी ५०.०. प्रत्येक रीडिंगमधून ५०.० वजा करा : −०.८, १.०, ०.३, −१.३, ०.९, −०.२, ०.६, −०.५. इथे क्षणभर थांबून या आठ फरकांची बेरीज शून्य येते का ते पाहा. येत नसेल तर सरासरीत किंवा वजाबाकीत चूक आहे आणि पुढचं सगळं वाया जाणार आहे. वर्ग केले की ०.६४, १.००, ०.०९, १.६९, ०.८१, ०.०४, ०.३६, ०.२५, बेरीज ४.८८. तिला ७ ने भागा, ८ ने भागू नका. ०.६९७ येईल, त्याचं वर्गमूळ ०.८३५. हा एस. एसला √८ ने, म्हणजे २.८२८ ने, भागलं की प्रमाण त्रुटी ०.२९५. तक्त्यात ७ ची ओळ आणि 'दोन्ही शेपट्या मिळून ०.०५' हा स्तंभ जिथे भेटतात तिथे २.३६५ आहे. ०.२९५ गुणिले २.३६५ बरोबर ०.६९८. अंतराल ४९.३० ते ५०.७०.

१.९६ ने गुणलं असतं तर ४९.४२ ते ५०.५८ आलं असतं. ते अरुंद आहे, पण त्यावर '९५ टक्के' असं लिहिण्याचा हक्क उरत नाही. समष्टी अगदी नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराने पसरलेली, असली तरी एसबरोबर १.९६ वापरून काढलेली अंतरालं खऱ्या सरासरीला पकडतात ती ३ रीडिंग्जवर ८१ टक्के वेळा, ५ वर ८८, ८ वर ९१ आणि १० वर ९२ टक्के वेळा.

मधल्या पायऱ्यांत आकडे पूर्णांकित करू नका, फक्त शेवटी करा. अहवालात लिहिताना '५०.० ± ०.७ मिलिग्रॅम प्रति लिटर' एवढंच लिहून सोडू नका. '९५ टक्के, एन ८' हे शेजारी हवंच. नाहीतर ± पुढचा आकडा प्रमाण विचलन आहे, प्रमाण त्रुटी आहे की अंतरालाची अर्धी रुंदी, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

प्रश्न : अशाच हिशेबाने काढलेल्या अंतरालाबाहेर माझी निम्मी रीडिंग्ज पडली. ९५ टक्के म्हणताना निम्मी बाहेर कशी? अंतराल चुकलं का?

उत्तर : चुकलेलं नाही. वरचंच उदाहरण बघा. ४९.३० ते ५०.७० च्या बाहेर ४९.२, ५१.०, ४८.७ आणि ५०.९ आहेत, म्हणजे आठांपैकी चार. हे अंतराल सरासरीसाठी आहे. एकेक रीडिंग त्यात बसवणं त्याचं काम नाही. रीडिंग्ज वाढवत नेल्यात तर ते आणखी अरुंद होत जाईल आणि आणखी मोठा वाटा बाहेर पडेल.

'पुढचं एक रीडिंग कुठे पडेल' हे विचारायचं असेल तर पूर्वानुमान अंतराल काढा. त्यात एसला √(१ + १/एन) ने गुणायचं आणि मग टीने. इथे २.३६५ × ०.८३५ × १.०६१ म्हणजे २.०९, ४७.९ ते ५२.१. यात आठही रीडिंग्ज आरामात बसतात. उत्पादनाच्या मर्यादा ठरवताना पहिलं अंतराल वापरलं की चांगला माल नाकारला जातो. ही गफलत सर्रास होते, आणि सूत्र पाठ असलेल्या लोकांकडूनही होते.

प्रश्न : आठ रीडिंग्ज असताना तक्त्यात सातची ओळ का?

उत्तर : आठ फरकांची बेरीज शून्य असलीच पाहिजे, म्हणून त्यातले सात कळले की आठवा आपोआप ठरतो. मोकळे सातच. यालाच डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात. भागताना घेतलेला ७ आणि तक्त्यातला ७ एकच आहेत. सरळ रेषा बसवताना उतार आणि छेद अशा दोन गोष्टी माहितीतूनच काढाव्या लागतात, तेव्हा एनमधून २ वजा होतात.

प्रश्न : तीच आठ रीडिंग्ज तीन ठिकाणी घातली. एक्सेलमध्ये अर्धी रुंदी ०.५७९ आली, पायथनमध्ये ०.६५३ आणि सहकाऱ्याच्या 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये ०.६९८. कोणावर विश्वास ठेवायचा?

उत्तर : आरवर. पण बाकीच्या दोघांनी विचारलेल्याचंच उत्तर दिलं आहे.

०.५७९ हा आकडा एक्सेलच्या 'कॉन्फिडन्स.नॉर्म' या फंक्शनचा आहे. ते १.९६ वापरतं. जुनं नुसतं 'कॉन्फिडन्स' नावाचं फंक्शनही तेच करतं. तुम्हाला 'कॉन्फिडन्स.टी' हवं. त्याला क्रमाने ०.०५, एस आणि एन द्यायचे, की थेट अर्धी रुंदी मिळते. एस 'एसटीडीईव्ही.एस' ने काढा, 'एसटीडीईव्ही.पी' एनने भागतं, म्हणजे हाताशी असलेले आकडे हीच सगळी समष्टी असं धरून चालतं. फक्त गुणक हवा असेल तर 'टी.इन्व्ह.२टी' मध्ये ०.०५ आणि ७ टाका, २.३६५ येईल. नुसत्या 'टी.इन्व्ह' मध्ये ०.०५ टाकलं तर उणे १.८९५ येतं, कारण ते फंक्शन डाव्या बाजूने क्षेत्रफळ मोजतं, तिथे ०.९७५ द्यावं लागतं. पुष्कळ जण उणे चिन्ह पुसून १.८९५ वापरून मोकळे होतात. ते ९० टक्क्यांचं अंतराल झालं.

०.६५३ चा माग काढायला थोडं उलटं जावं लागतं. २.३६५ ने भागा, मग √८ ने गुणा : ०.७८१ उरतो. हा ४.८८ ला ८ ने भागून काढलेल्या वर्गमुळाचा आकडा आहे. पायथनच्या नमपाय लायब्ररीचं 'एसटीडी' सांगितल्याशिवाय एन वजा १ ने भागत नाही. त्याला 'डीडीओएफ' १ असं स्पष्ट द्यावं लागतं. गंमत अशी की पांडाज या दुसऱ्या लायब्ररीचं त्याच नावाचं फंक्शन न सांगता एन वजा १ घेतं. एका प्रोग्रॅममध्ये दोन्ही वापरले की दोन उत्तरं मिळणार. सायपाय या तिसऱ्या लायब्ररीच्या टी-अंतरालाच्या फंक्शनला 'स्केल' म्हणून प्रमाण त्रुटी द्यायची असते. तिथे चुकून एस दिला तर अर्धी रुंदी १.९७४ येईल, जवळपास तिप्पट.

आरमध्ये 'टी.टेस्ट' ला आठ आकडे दिले की अंतराल छापून येतं. हाताने गुणक काढायचा असेल तर 'क्यूटी' ला ०.९७५ आणि ७ द्या.

कुठलंही सॉफ्टवेअर नव्याने हाती घेतलंत तर वरची आठ रीडिंग्ज घालून बघा. ०.६९८ आलं की पुढे चला. ०.५७९ असेल तर झेड शिरला आहे, ०.६५३ असेल तर भागाकार एनने झाला आहे, ०.५४१ असेल तर दोन्ही चुका एकदम आहेत.

प्रश्न : 'एन ३० च्या वर गेला की झेड वापरा' असं शिकवलं जातं. हा ३० कुठून आला?

उत्तर : निसर्गात अशी काही रेघ नाही. छापील तक्त्यांत ओळी ३० पर्यंत एकेक येतात आणि मग ४०, ६०, १२० अशा उड्या घेत अनंतावर जातात. गुणकाचा उतार बघा : १ ला १२.७०६, २ ला ४.३०३, ४ ला २.७७६, ९ ला २.२६२, २९ ला २.०४५, ६० ला २.०००, १२० ला १.९८० आणि अनंताला १.९६०. तिशीच्या आसपास फरक चार टक्के उरतो. हातानं गणित करायच्या दिवसांत तो सोडून देणं समजण्यासारखं होतं. आज सॉफ्टवेअर एनची ओळ स्वतः शोधतं, तेव्हा सिग्मा माहीत नसेल तर एन कितीही असो, टीच वापरा. एन मोठा असला तर उत्तर झेडच्याजवळ आपोआप येतं.

हा सगळा विषयच लहान नमुन्यांमुळे जन्माला आला. विल्यम सीली गॉसेट डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करत होते, आणि तिथल्या प्रयोगांत दहापेक्षा कमी निरीक्षणं घेऊन निर्णय करावे लागत. १९०८ साली त्यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने लेख लिहिला. म्हणून आजही 'स्टुडंटचा टी'. आपलं सूत्र ताडून पाहायला त्यांनी ३००० कैद्यांच्या उंचीची आणि डाव्या मधल्या बोटाच्या लांबीची मापं कार्डांवर लिहून पिसली आणि चार-चारचे ७५० नमुने पाडले. ज्याला आज सिम्युलेशन म्हणतात ते पत्ते पिसून केलेलं! टी हे अक्षर आणि डिग्रीज ऑफ फ्रीडमची आजची मांडणी पुढे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी रुळवली.

प्रश्न : 'खरी सरासरी ४९.३ आणि ५०.७ च्या मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के' असं प्रबंधात लिहिलं, ते परीक्षकांनी खोडलं. मग लिहायचं तरी काय?

उत्तर : परीक्षकांचं बरोबर आहे, जरी ही चूक छापील अहवालांतही पावलोपावली दिसते. संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी १९३७ साली विश्वास अंतरालाची जी मांडणी केली तिच्यात खरी सरासरी हा एक ठरलेला आकडा आहे. तो हलत नाही. दर वेळी नवा नमुना घेतला की हलतं ते अंतराल. जमिनीत रोवलेली खुंटी आणि तिच्यावर फेकलेली कडी असं चित्र डोळ्यांपुढे आणा. ९५ टक्के हे फेकीचं कसब आहे. कडी एकदा पडली की खुंटी तिच्यात आहे किंवा नाही. तिथे शक्यता राहत नाही.

'ही पद्धत पुन्हा पुन्हा वापरली तर सुमारे ९५ टक्के अंतरालांत खरी सरासरी सापडेल. या नमुन्यातून आलेलं अंतराल ४९.३ ते ५०.७' असं लिहा. आणि २० अंतरालं काढली तर नेमकं एक चुकेल अशीही समजूत करून घेऊ नका. वीसच्या वीस बरोबर येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के आहे.

प्रश्न : तीन डबे घेतले, प्रत्येकातून दहा-दहा रीडिंग्ज. एन ३०, गुणक २.०४५, अंतराल छान अरुंद आलं. पण तपासणाऱ्याने 'एन चुकला आहे' असा शेरा मारला. मोजून तीस आहेत!

उत्तर : टी की झेड यावर जेवढी चर्चा होते तिच्या निम्मी जरी 'एन म्हणजे काय' यावर झाली असती तरी निम्मे अहवाल सुधारले असते. सूत्रातला एन म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र असलेल्या निरीक्षणांची संख्या. तुमच्या प्रश्नाचा रोख 'अशा डब्यांची सरासरी किती' असा असेल तर तुम्ही निवडलेल्या स्वतंत्र गोष्टी तीनच आहेत. एकाच डब्यातली दहा रीडिंग्ज एकमेकांसारखीच येणार. त्या डब्याचं जे काही वेगळेपण आहे ते दहाही जणींत उतरलेलं असतं.

पत्रात आकडे नाहीत, म्हणून समजण्यापुरते धरू. डब्यांच्या सरासऱ्या ४८.९, ५०.२ आणि ५१.५, प्रत्येक डब्याच्या आत प्रमाण विचलन ०.८. तीसही रीडिंग्ज एकत्र टाकली तर एस १.३३, प्रमाण त्रुटी ०.२४२, अर्धी रुंदी ०.५०. अंतराल ४९.७ ते ५०.७. आता बरोबर पद्धत : तीन सरासऱ्या हीच तीन निरीक्षणं. त्यांचं प्रमाण विचलन १.३, प्रमाण त्रुटी १.३ ÷ १.७३२ = ०.७५१, डिग्रीज ऑफ फ्रीडम २, गुणक ४.३०३. अर्धी रुंदी ३.२३. अंतराल ४७.० ते ५३.४. सहापट रुंद! तपासणाऱ्याचा शेरा याच सहापटीबद्दल आहे.

यातून सुटका रीडिंग्ज वाढवून होत नाही. प्रत्येक डब्यातून शंभर घेतली तरी गुणक ४.३०३ च राहतो. तेच तीस मोजमापांचं कष्ट सहा डबे गुणिले पाच असं वाटलं तर डिग्रीज ऑफ फ्रीडम ५ होतात, गुणक २.५७१ वर येतो आणि भागायला √३ च्या जागी √६ मिळतं.

वेळेच्या ओघात घेतलेल्या रीडिंग्जचंही असंच आहे. दर मिनिटाला नोंद होणारं तापमान आधीच्या मिनिटाला धरून चालतं. लागोपाठच्या नोंदींतला सहसंबंध ०.५ असेल आणि तो पुढे प्रत्येक पायरीला निम्मा होत जात असेल, तर ४० नोंदींची खरी किंमत सुमारे ४० × (१ − ०.५) ÷ (१ + ०.५), म्हणजे १३ स्वतंत्र नोंदींएवढीच उरते.

प्रश्न : सहा नमुने दोन पद्धतींनी तपासले. पहिली पद्धत : १२.१, १५.४, ९.८, १८.२, १४.०, ११.५. दुसरी, त्याच क्रमाने : १२.६, १५.७, १०.५, १८.६, १४.२, १२.४. दोन्ही पद्धतींतल्या फरकाच्या अंतरालात शून्य आलं. पण दुसरी पद्धत दर वेळी जास्त दाखवते हे तर डोळ्यांना दिसतंय.

उत्तर : डोळे बरोबर सांगत आहेत. तुम्ही दोन स्वतंत्र गट समजून हिशेब केलात. सरासऱ्या १३.५ आणि १४.०, प्रमाण त्रुटी १.७०, गुणक २.२२८, अंतराल −३.२८ ते ४.२८. यातली जवळजवळ सगळी रुंदी नमुन्या-नमुन्यातल्या फरकाची आहे (एक ९.८ चा, दुसरा १८.२ चा), आणि तुमच्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही.

नमुने तेच आहेत, तेव्हा आधी जोडीजोडीने वजाबाकी करा : ०.५, ०.३, ०.७, ०.४, ०.२, ०.९. आता दोन गट विसरा. हा सहा आकड्यांचा एकच नमुना. सरासरी ०.५, एस ०.२६१, प्रमाण त्रुटी ०.१०६, डिग्रीज ऑफ फ्रीडम ५, गुणक २.५७१. अंतराल ०.२३ ते ०.७७. गुणक २.२२८ वरून वाढला तरी अंतराल चौदापट अरुंद झालं. उलट चूक मात्र करू नका. जोडी प्रयोग आखतानाच ठरलेली असावी लागते. दोन वेगळ्या गटांतले आकडे नंतर चढत्या क्रमाने लावून जोड्या पाडल्या तर ती बनवाबनवी झाली.

प्रश्न : दोन वेगळे गट आहेत. एकात ६ निरीक्षणं, एस ४. दुसऱ्यात १५, एस १.५. एकत्रित प्रमाण विचलन काढून १९ डिग्रीज ऑफ फ्रीडम घ्यायचे का?

उत्तर : नको. एकत्रित करायचं तर दोन्ही समष्ट्यांचा विखुरलेपणा सारखा मानावा लागतो आणि इथे तो सारखा दिसत नाही. त्यातही विखुरलेला गट लहान आहे, ही सगळ्यांत वाईट जोडी : मोठ्या गटाचा शांतपणा लहान गटाच्या गोंधळावर पांघरला जातो. एकत्रित पद्धतीने प्रमाण त्रुटी १.१७ आणि अर्धी रुंदी २.४५ येते.

वेल्च पद्धतीत प्रत्येक गटाचा एस वर्ग भागिले एन वेगळा काढतात : १६ ÷ ६ = २.६६७ आणि २.२५ ÷ १५ = ०.१५. बेरजेचं वर्गमूळ १.६८ ही प्रमाण त्रुटी. डिग्रीज ऑफ फ्रीडमसाठी बेरजेचा वर्ग, म्हणजे ७.९३, भागिले (२.६६७² ÷ ५ + ०.१५² ÷ १४), म्हणजे १.४२४. उत्तर ५.६. अपूर्णांक आला म्हणून दचकू नका, सॉफ्टवेअर तो तसाच वापरतं. तक्ता वापरणार असाल तर खालचा पूर्णांक, ५, घ्या. अपूर्णांक तसाच ठेवला तर अर्धी रुंदी सुमारे ४.२, ५ घेतले तर ४.३. आरचं 'टी.टेस्ट' दोन गटांसाठी न सांगताच वेल्च लावतं. आमच्या मते तीच सवय सगळीकडे ठेवावी.

प्रश्न : दोन गटांची अंतरालं एकमेकांवर चढली, तर फरक नाही असंच ना?

उत्तर : नाही. मोठे नमुने आणि दोघांची प्रमाण त्रुटी १ धरा. सरासऱ्यांत ३.९२ पर्यंत अंतर असेल तर अंतरालं एकमेकांवर चढलेली दिसतात, पण फरकाचं अंतराल २.७७ पासूनच शून्य सोडतं. फरकाबद्दल बोलायचं तर फरकाचंच अंतराल काढा.

प्रश्न : माहिती नॉर्मल नसेल तर टी वापरता येतो का? आणि एखादा आकडा फार वेगळा आला तर तो काढून टाकायचा का?

उत्तर : थोडंफार वाकडेपण टी सहन करतो, विशेषतः दोन्ही बाजूंना सारखं पसरलेलं असेल तर. एका बाजूला लांब शेपटी असलेली माहिती, जसं की लागणारा वेळ किंवा अवशेषांचं प्रमाण, लहान एनवर त्रास देते : अंतराल लांब शेपटीच्या बाजूला कमी पडतं. अशा वेळी आकड्यांचे लॉग घ्या, त्यावर अंतराल बांधा आणि टोकांचे प्रतिलॉग करा. मात्र हाती येतं ते गुणोत्तर मध्याचं अंतराल. अंकगणिती सरासरीचं म्हणून ते खपवू नका. आठ-दहा आकड्यांवर नॉर्मलपणाची चाचणी लावून फारसं काही कळत नाही. आकडे एका रेघेवर ठिपके देऊन मांडा. त्यात जास्त दिसतं.

वेगळा पडलेला आकडा काय करतो ते आपल्या आठ रीडिंग्जवर पाहू. लिहिताना ५१.० चं ६१.० झालं समजा. सरासरी ५१.२५ होते, पण एस ०.८३५ वरून थेट ४.०१ वर उडी मारतो. अंतराल ४७.९ ते ५४.६. एका आकड्याने सरासरी सव्वाने सरकवली आणि रुंदी जवळपास पाचपट केली. म्हणजे रुंदी अचानक वाढली की आधी वही तपासा. लिहिण्यातली, एककातली किंवा उपकरणातली चूक सापडली तर दुरुस्त करा आणि तशी नोंद ठेवा. कारण सापडलं नाही तर आकडा ठेवा, आणि त्याच्यासह व त्याच्याविना अशी दोन्ही अंतरालं द्या. 'जास्त आला म्हणून काढला' हे कारण होत नाही.

प्रश्न : अंतराल ± ०.३ च्या आत आणायचं तर किती रीडिंग्ज लागतील?

उत्तर : आपल्या आठांचा एस ०.८३५ धरून सुरुवात करा. गाडी इथे अडते की गुणक एनवर अवलंबून आहे आणि एन गुणकावर. म्हणून पहिली फेरी १.९६ ने : (१.९६ × ०.८३५ ÷ ०.३)² = २९.८, म्हणजे ३०. दुसरी फेरी २९ च्या ओळीतल्या २.०४५ ने : ३२.४, म्हणजे ३३. तिसरी फेरी ३२ च्या ओळीतल्या २.०३७ ने : ३२.१, पुन्हा ३३. थांबा.

पण हा एस आठच रीडिंग्जवरचा आहे, आणि खरा सिग्मा १.७ पर्यंतही असू शकतो हे वर आलंच आहे. खर्च परवडत असेल तर आणखी दहा-बारा रीडिंग्ज घेऊन एस नव्याने काढा आणि मग संख्या पक्की करा. रुंदी निम्मी करायला रीडिंग्ज साधारण चौपट लागतात, हेही आखतानाच लक्षात घ्या. ९९ टक्क्यांचा हट्ट धरलात तर आठ रीडिंग्जवर गुणक ३.४९९ होतो आणि अंतराल ४८.९७ ते ५१.०३.

प्रश्न : २० नगांपैकी १९ पास झाले. पासला १, नापासला ० देऊन टी लावला तर वरचं टोक १०५ टक्के आलं. काय चुकलं?

उत्तर : हिशेब बरोबर आहे, अवजार चुकीचं. सरासरी ०.९५, प्रमाण त्रुटी ०.०५, गुणक २.०९३, ८४.५ ते १०५.५ टक्के येणारच. शून्य-एकच्या माहितीत प्रमाणालाच धरून विखुरलेपणा ठरतो आणि कडेजवळ वितरण एकीकडे कलतं, तेव्हा टीचं गृहीतक तिथे टिकत नाही. एडविन विल्सन यांचं १९२७ चं सूत्र वापरा. तुमच्या आकड्यांवर ते ७६ ते ९९ टक्के देतं.